परक्या पोलिसांना शिकवताना

वॉशिंग्टनच्या जॉर्जटाऊन भागात, पोटोमॅक नदीपासून जवळच, ट्रामगाड्या ठेवण्यासाठी बांधलेली एक जुनी विटांची इमारत आहे. ट्राम बंद पडल्या आणि १९६०च्या दशकात तिथे एक वेगळी शाळा भरू लागली. विद्यार्थी प्रौढ होते, आपापल्या देशातले पोलीस अधिकारी. कुणी ब्राझीलचा, कुणी व्हिएतनामचा, कुणी इराणचा, कुणी काँगोचा. शाळेचे नाव इंटरनॅशनल पोलीस अकॅडमी. खर्च अमेरिकी करदात्याचा, आणि देखरेख 'ऑफिस ऑफ पब्लिक सेफ्टी' नावाच्या कार्यालयाची. हे कार्यालय केनेडी सरकारने १९६२मध्ये यूएसएड या संस्थेत उघडले होते. शेती, आरोग्य आणि धान्याची मदत जिच्यामार्फत जात असे, तिच्याच छपराखाली परदेशी पोलिसांचे प्रशिक्षणही चालू झाले.

सरकारचे म्हणणे कुणालाही पटावे असे होते. गरीब देशांतल्या पोलिसांना पगार तुटपुंजा, शिक्षण अपुरे आणि तपास म्हणजे मारहाण एवढीच त्यांची समजूत. त्यांना बोटांचे ठसे घ्यायला, वायरलेस वापरायला, गोळी न झाडता जमाव पांगवायला शिकवले तर भले तिथल्या सामान्य माणसाचेच होणार. या म्हणण्यात तथ्य होते आणि आजही आहे. पण त्याला चिकटलेला दुसरा हेतू कधी लपून राहिला नाही. शीतयुद्धाचे दिवस होते. लष्कर बोलावण्याची वेळ येण्याआधी पोलिसांनीच बंडाचा वास घ्यावा, संघटना फोडाव्यात, माणसे हुडकून काढावीत, हे अमेरिकेला हवे होते. कार्यालयाचे प्रमुख बायरन एंगल यांची पार्श्वभूमी पोलीस खात्याची तशीच गुप्तचर संस्थेचीही होती. पुढच्या बारा वर्षांत निरनिराळ्या देशांतल्या दहा लाखांहून अधिक पोलिसांपर्यंत हे प्रशिक्षण या ना त्या रूपात पोचले, असा अंदाज सांगितला जातो.

दुसऱ्या देशाच्या पोलिसाला शिकवणारे सरकार त्या पोलिसाच्या हातून पुढे जे घडेल त्यात भागीदार असते. ते पोलीस तिथल्या जनतेला जाब देत नसतील, तर शिकवणारा कितीही सज्जन असो, त्याची विद्या राज्यकर्त्याच्या मुठीत जाते आणि प्रजेच्या पाठीवर उतरते. हा प्रश्न आता फक्त अमेरिकेचा उरलेला नाही. भारत आज शिकवणाऱ्यांच्या रांगेत उभा आहे, आणि आपल्याकडे त्याची चर्चासुद्धा होत नाही. म्हणून हा लेख.

आधी उरुग्वेकडे पाहू, कारण या विषयाची सगळी गुंतागुंत त्या एका छोट्या देशात दिसते. दक्षिण अमेरिकेचे स्वित्झर्लंड अशी त्याची ख्याती होती. नियमित निवडणुका, चांगल्या शाळा, सुशिक्षित मध्यमवर्ग. १९६०च्या दशकात अर्थव्यवस्था ढासळली, संप वाढले आणि तुपामारो नावाची सशस्त्र डावी संघटना शहरांत उभी राहिली. १९६९मध्ये मोंटेव्हिडिओ या राजधानीत डॅन मिट्रिओनी नावाचे अमेरिकी सल्लागार पोलिसांना शिकवण्यासाठी आले. हे मूळचे इंडियाना राज्यातल्या रिचमंड गावचे पोलीसप्रमुख, नऊ मुलांचे वडील. त्याआधी काही वर्षे ते ब्राझीलमध्ये हेच काम करत होते, आणि ब्राझीलमध्ये १९६४ साली लष्कराने सत्ता बळकावली होती. ३१ जुलै १९७० रोजी तुपामारोंनी मिट्रिओनींना पळवले आणि त्यांच्या बदल्यात राजकीय कैद्यांची सुटका मागितली. उरुग्वेच्या राष्ट्राध्यक्षांनी नकार दिला. १० ऑगस्टला मिट्रिओनींचा मृतदेह एका मोटारीत सापडला.

ओलीस धरलेल्या माणसाला गोळ्या घालणे हा खून होता. कुठल्याही क्रांतीच्या नावाने त्याचे समर्थन करता येणार नाही, आणि मला ते करायचे नाही.

पण त्या खुनानंतर जे बोलले गेले ते दडपून टाकण्याजोगे नव्हते. उरुग्वेच्या पोलीस गुप्तवार्ता विभागातल्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने ब्राझीलच्या वृत्तपत्राला सांगितले, की अमेरिकी सल्लागार आल्यापासून छळ हा चौकशीचा नित्याचा भाग झाला. पुढे १९७८मध्ये क्यूबाच्या एका हेराने पुस्तक लिहून मिट्रिओनींवर थेट आरोप केले: तळघरातले वर्ग, विजेचे झटके, प्रात्यक्षिकासाठी रस्त्यावरून उचललेले भिकारी. अमेरिकी सरकारने असे आरोप नेहमीच फेटाळले. ते कुठल्या न्यायालयात सिद्ध झाले नाहीत, आणि ज्याच्यावर ते झाले तो माणूस उत्तर द्यायला जिवंत नव्हता. कोस्ता-गाव्रास यांनी १९७२मध्ये या घटनेवर चित्रपट काढला, तेव्हापासून जगभर वाद चालला तो याच मुद्द्यावर: मिट्रिओनी दोषी की निर्दोष?

मला हा वाद अपुरा वाटतो. त्या एका माणसाला आपण पूर्ण निर्दोष मानले तरी काय उरते ते पाहा. त्याच १९७० साली उरुग्वेच्या सेनेटने नेमलेल्या चौकशी समितीने निष्कर्ष काढला होता, की त्या देशाच्या पोलीस ठाण्यांत छळ ही सर्रास, नेहमीची गोष्ट झाली आहे. हा निष्कर्ष कुणा शत्रूचा नव्हता, लोकांनी निवडून दिलेल्या सभागृहाचा होता. तो छापील स्वरूपात समोर असताना अमेरिकेचे सल्लागार तिथेच राहिले आणि मदत चालू राहिली. तीन वर्षांत, जून १९७३मध्ये, तिथली संसद बरखास्त झाली आणि लष्कराच्या पाठिंब्याची हुकूमशाही आली. ती १९८५पर्यंत टिकली. लोकसंख्येच्या प्रमाणात सर्वाधिक राजकीय कैदी असलेल्या देशांत त्या काळी उरुग्वेची गणना होत होती. शिकवणाऱ्याने स्वतः हात उगारला की नाही, हे इतिहासकार शोधत राहतील. त्याला दिसत होते, आणि त्याने शिकवणे थांबवले नाही, एवढे मात्र आजच निश्चित आहे. माझ्या लेखी दोष ठरायला तेवढे पुरेसे आहे.

मिट्रिओनींना पळवले त्याच, १९७०च्या जुलै महिन्यात दक्षिण व्हिएतनामच्या कोन सोन बेटावरची गोष्ट उघडकीस आली. या बेटावर फ्रेंचांच्या काळापासून तुरुंग होता. अमेरिकी काँग्रेसचे दोन सदस्य तिथे पाहणीला गेले. त्यांच्याबरोबर टॉम हार्किन हा तरुण सहायक आणि व्हिएतनामी भाषा जाणणारे डॉन ल्यूस होते. एका माजी कैद्याने काढून दिलेल्या नकाशावरून त्यांनी लपवलेले दार शोधले. आत दगडी खोल्या, वरून लोखंडी गज, खाली पायात बेड्या घातलेली माणसे. पहारेकरी वरून त्यांच्या अंगावर चुना टाकत. हार्किनने काढलेली छायाचित्रे 'लाइफ' नियतकालिकात छापून आली आणि अमेरिका हादरली. तुरुंगांना सल्ला देण्याचे काम याच पब्लिक सेफ्टी कार्यालयाकडे होते. त्याचे व्हिएतनाममधले प्रमुख, लॉस एंजेलिसचे माजी पोलीस अधिकारी फ्रँक वॉल्टन, यांनी पाहुण्यांना आधी सांगितले होते की ही जागा बालवीरांच्या शिबिरासारखी आहे. वॉल्टन यांना आतले ठाऊक होते की नव्हते? ठाऊक असेल तर ते खोटे बोलले. नसेल, तर ज्या तुरुंगाचे सल्लागार म्हणून ते पगार घेत होते त्याच्या आत काय चालते हे त्यांनी कधी पाहिलेच नाही. यातले कुठलेही उत्तर त्यांना वाचवत नाही.

अमेरिकेच्या बाजूने एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. यातले बरेचसे बाहेर काढले ते तिथल्याच पत्रकारांनी आणि लोकप्रतिनिधींनी. दक्षिण डाकोटाचे सेनेटर जेम्स अबुरेझ्क यांनी प्रश्न लावून धरले. टेक्सासमधल्या लॉस फ्रेस्नोस या ठिकाणी परदेशी पोलिसांना घरगुती बाँब आणि स्फोटक सापळे कसे तयार होतात याचे धडे दिले जात होते, हे त्यातून उघड झाले. बाँब निकामी करायला शिकायचे तर तो कसा बनतो हे कळायला हवे, असा खुलासा सरकारने केला. जॉर्जटाऊनच्या अकादमीत काही विद्यार्थ्यांनी लिहिलेले प्रबंध तपासले गेले तेव्हा चौकशीत बळ वापरणे योग्यच, असे लिहिणारे अधिकारी त्यांत निघाले. अखेर डिसेंबर १९७४मध्ये काँग्रेसने परकीय मदत कायद्यात कलम ६६० घातले. परदेशी पोलिसांना प्रशिक्षण, सल्ला किंवा पैसा देणे बंद. अकादमीला टाळे लागले.

कायद्याला भोके लगेच पडली. अमली पदार्थांविरुद्धचे काम वगळले गेले, १९८०च्या दशकात मध्य अमेरिकेतल्या देशांसाठी अपवाद झाले, आणि पुढे अपवादच इतके वाढले की बंदी नावापुरती उरली.

तरी त्या अनुभवातून एक उपयोगी गोष्ट जन्माला आली. व्हरमाँटचे सेनेटर पॅट्रिक लेही यांनी १९९७च्या सुमारास एक अट कायद्यात आणली: परक्या देशाच्या ज्या तुकडीने खून, छळ, बलात्कार किंवा माणसे बेपत्ता करणे असे गंभीर गुन्हे केल्याची विश्वसनीय माहिती आहे, त्या तुकडीला अमेरिकी मदत द्यायची नाही. तिच्या सरकारने दोषींवर खरी कारवाई केली तरच दार पुन्हा उघडायचे. अख्ख्या देशाला दोष न देता नेमक्या तुकडीकडे बोट दाखवणारी ही कल्पना मला फार मोलाची वाटते. अंमलबजावणीत ती पुष्कळदा लंगडी पडली, हेही तितकेच खरे. अफगाणिस्तानात कंदाहारचे पोलीसप्रमुख अब्दुल राझिक यांच्यावर छळाचे आणि माणसे गायब केल्याचे आरोप वर्षानुवर्षे होत होते. २०१७मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या छळविरोधी समितीने त्यांच्याबद्दल अफगाण सरकारकडे विचारणा केली. तरी ते तालिबानविरुद्ध उपयोगी आहेत म्हणून २०१८मध्ये मारले जाईपर्यंत अमेरिकी अधिकारी त्यांच्या शेजारी उभे होते. त्याच देशात हजारो पोलीस काही आठवड्यांच्या वर्गातून बाहेर काढले गेले. त्यांतल्या बहुतेकांना लिहिता-वाचता येत नव्हते. पगार मधल्यामध्ये खाल्ला जाई. अशा पोलिसाला गावाने आपले मानावे तरी कशावरून? ऑगस्ट २०२१मध्ये ते दल काही दिवसांत विरघळून गेले.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. आपण शिकवले नाही तर दुसरा कुणीतरी शिकवेल, आणि तो आपल्याहून वाईट असेल. शिवाय अशिक्षित पोलीस जास्त मारतो. त्याला शास्त्रशुद्ध तपास शिकवला तर छळ कमीच होईल. हा युक्तिवाद करणारे अनेक जण मनापासून बोलतात. त्यांनी बांगलादेशाकडे पाहावे.

मार्च २००४मध्ये ढाक्यात रॅपिड अॅक्शन बटालियन, म्हणजे 'रॅब', उभी राहिली. लष्कर आणि पोलीस यांतून निवडलेली माणसे, काळा गणवेश, गुन्हेगारी मोडून काढण्याचे वचन. सुरुवातीला मध्यमवर्ग खूशही झाला. मग रोजच्या बातम्यांत एकच मजकूर दिसू लागला: आरोपीला शस्त्रे दाखवायला नेले, त्याच्या साथीदारांनी गोळीबार केला, आरोपी ठार. मुंबईने १९९०च्या दशकात ज्याला 'एन्काउंटर' म्हटले, त्याला तिथे 'क्रॉसफायर' म्हणत. या दलाला ब्रिटनने चौकशी कशी करावी आणि बळ कधी वापरावे याचे प्रशिक्षण दिले. डिसेंबर २०१०मध्ये विकिलीक्सने फोडलेल्या कागदपत्रांतून ते जगाला कळले. लेही कायद्यामुळे अमेरिकेला मात्र तिथे हात आखडता घ्यावा लागला होता, हेही त्याच कागदांतून दिसले. ब्रिटिश अभ्यासक्रमात मानवी हक्क होतेच. शिकवणारे पोलीस अधिकारी सभ्य असतील, यावर माझा विश्वास आहे. पण वर्ग संपवून रॅबचा अधिकारी बाहेर पडला की त्याला जाब विचारणारे न्यायालय, वृत्तपत्र किंवा वरिष्ठ त्याच्या देशात जागेवर नव्हते. उलट, 'ब्रिटनने प्रशिक्षण दिलेले दल' ही प्रतिष्ठा त्याला फुकट मिळाली. अमेरिकेने डिसेंबर २०२१मध्ये रॅबवर निर्बंध घातले. २०२४मध्ये शेख हसीना यांचे सरकार कोसळल्यावर बेपत्ता माणसांची चौकशी करणाऱ्या आयोगाने हे दल बरखास्त करण्याची शिफारस केली. वर्षानुवर्षे ज्या बायका नवऱ्याचा, मुलाचा फोटो छातीशी धरून ढाक्याच्या रस्त्यावर उभ्या राहिल्या, त्यांना परदेशी अभ्यासक्रमातल्या मानवी हक्कांच्या तासाचे काय सांगायचे?

कौशल्याने क्रौर्य कमी होत नाही. ज्याला जाब द्यावा लागतो तो पोलीस थोड्या शिक्षणातही माणुसकीने वागायला शिकतो, आणि ज्याला द्यावा लागत नाही त्याच्या हातात शिक्षण हे आणखी एक हत्यार होते. महाराष्ट्र पोलिसांच्या बोधचिन्हावर सज्जनांचे रक्षण आणि दुष्टांचे निर्दालन हे ब्रीद कोरलेले आहे. जिथे निवडणूक खरी असते, न्यायालय स्वतंत्र असते, तिथे सज्जन कोण आणि दुष्ट कोण हे कायदा ठरवतो. जिथे ते नसते तिथे ही यादी राजवाड्यात तयार होते. परका शिक्षक त्या यादीतले एकही नाव खोडू शकत नाही.

हे आपल्याला पुस्तकातून कळायला नको होते, कारण परक्यांनी घडवलेले पोलीस म्हणजे काय याचा अनुभव आपल्या आजोबा-पणजोबांनी घेतला आहे. १८४३मध्ये चार्ल्स नेपियरने सिंधमध्ये पोलीस दल उभारले ते आयर्लंडच्या सशस्त्र पोलिसांच्या नमुन्यावर. लंडनचा पोलीस बंदुकीविना गस्त घाली. आयर्लंडचा पोलीस बराकीत राही, बंदूक बाळगी आणि वरच्या सरकारला जबाबदार असे, गावाला नव्हे. गुलाम प्रजेसाठी दुसराच नमुना निवडला गेला. १८५०च्या दशकात मुंबई इलाख्याने तो उचलला आणि १८५७च्या उठावानंतर १८६१च्या पोलीस कायद्याने तो ब्रिटिश हिंदुस्थानच्या मोठ्या भागात पक्का केला. त्याआधीच, १८५५मध्ये, मद्रास इलाख्यातल्या छळाची चौकशी करणाऱ्या आयोगाने सरकारी नोकर रयतेला कसे छळतात हे लिहून ठेवले होते. इंग्रजांचा आपण उभारलेल्या पोलिसांवर किती विश्वास होता? १८७२च्या पुरावा कायद्यात त्यांनीच लिहिले, की पोलिसापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध ग्राह्य धरू नये. ती तरतूद नव्या पुरावा कायद्यातही कायम आहे. दीडशे वर्षे झाली, राज्य आपले आले, संविधान आले. तरी 'चौदावे रत्न दाखवल्याशिवाय कबूल होणार नाही' हे वाक्य आपल्याकडे शिकलेली माणसेही सहज बोलून जातात. परक्याने आपल्या सोयीसाठी लावलेली सवय पिढ्यान्पिढ्या मोडत नाही, याचा याहून मोठा पुरावा मला ठाऊक नाही.

आता आपली बाजू पालटली आहे. भारताचा आयटेक कार्यक्रम १९६४पासून इतर विकसनशील देशांच्या अधिकाऱ्यांना प्रशिक्षण देतो आहे. हैदराबादच्या सरदार वल्लभभाई पटेल राष्ट्रीय पोलीस अकादमीत आपल्या आयपीएस उमेदवारांबरोबर भूतान, नेपाळ, मालदीव, मॉरिशस या देशांचे अधिकारीही शिकतात. मार्च २०२२मध्ये मालदीवच्या अड्डू शहरात भारताच्या मदतीने उभ्या राहिलेल्या राष्ट्रीय पोलीस महाविद्यालयाचे उद्घाटन परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी केले. पुढच्याच वर्षी युगांडात जिंजा इथे राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठाची पहिली परदेशी शाखा सुरू झाली. शेजाऱ्याच्या उपयोगी पडणे चांगलेच आहे, आणि आपल्या अधिकाऱ्यांकडे शिकवण्याजोगे पुष्कळ आहे.

किंबहुना उत्तम शिकवण कशी असते याचे जगातले एक चांगले उदाहरण आपल्याच महिलांनी घालून दिले. २००७मध्ये यादवीतून बाहेर पडलेल्या लायबेरियात संयुक्त राष्ट्रांच्या ध्वजाखाली भारताची महिला पोलीस तुकडी गेली. पूर्णपणे महिलांची अशी ती पहिलीच तुकडी. केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या या जवान राजधानी मनरोव्हियाच्या रस्त्यांवर रात्रीची गस्त घालत, वस्तीतल्या मुलींना स्वसंरक्षण शिकवत, आरोग्य शिबिरे घेत. ज्या देशात युद्धाच्या काळात गणवेश दिसला की बायका पळत सुटत, तिथे गणवेशातली बाई दारात येऊन विचारपूस करू लागली. लायबेरियाच्या मुली पोलीस भरतीसाठी पुढे आल्या आणि त्या देशाच्या दलात महिलांचे प्रमाण वाढले. २०१६मध्ये शेवटची तुकडी परतली तेव्हा राष्ट्राध्यक्ष एलन जॉन्सन सरलीफ यांनी त्यांचे मनापासून आभार मानले. हे काम कुणा राजवटीच्या दारामागे चालले नव्हते. संयुक्त राष्ट्रांचा ठराव होता, निवडून आलेले सरकार होते, आणि तुकडी काय करते हे रस्त्यावरच्या प्रत्येकाला दिसत होते.

पण दरवेळी असे असेलच असे नाही. मालदीवचेच उदाहरण घ्या. फेब्रुवारी २०१२मध्ये राजधानी मालेत पोलिसांच्या एका गटाने बंड केले आणि त्याच दिवशी लोकांनी निवडून दिलेले राष्ट्राध्यक्ष मोहम्मद नशीद पदावरून गेले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या समर्थकांना रस्त्यात मारहाण झाली. ज्या देशात पोलीस दलाने हे केले आहे, तिथे पोलीस महाविद्यालय बांधून देणारा देश फक्त इमारत देत नसतो. त्या दलावर मालदीवच्या नागरिकांचा अंकुश राहील काय, हे विचारण्याचा त्याला अधिकार आहे आणि ते त्याचे कर्तव्यही आहे. युगांडातही विरोधकांना उचलून नेल्याच्या तक्रारी अनेक वर्षांच्या आहेत. गुन्ह्याचा वैज्ञानिक तपास शिकवणे उत्तम. पण मोबाइलमधली पुसलेली माहिती परत मिळवण्याची विद्या खुन्याविरुद्ध चालते तशी पत्रकाराविरुद्धही चालते.

हे प्रश्न विचारायला आपल्याकडे कुठला कायदा लावावा? असा कायदा नाही. लेही यांच्या कलमासारखे, छळ करणाऱ्या परदेशी तुकडीला भारताचे प्रशिक्षण मिळणार नाही असे बंधन घालणारे एकही कलम आपल्या कायद्यांत नाही. कुणाला शिकवायचे, काय शिकवायचे, हे परराष्ट्र आणि गृह खात्यांच्या मर्जीवर चालते. शिकून गेलेल्यांनी पुढे काय केले याचा हिशेब संसदेपुढे यावा अशी व्यवस्था नाही.

आणि आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार? छळाविरुद्धच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारावर भारताने १९९७मध्ये सही केली. आजतागायत त्याला संमती देऊन तो स्वतःवर बंधनकारक करून घेतलेला नाही. २०१०मध्ये छळ प्रतिबंधक विधेयक लोकसभेत मंजूर झाले, राज्यसभेच्या समितीकडे गेले आणि पुढे विरून गेले. सर्वोच्च न्यायालयाने १९९६मध्ये अटकेचे नियम घालून दिले, २००६मध्ये प्रकाशसिंह खटल्यात पोलीस सुधारणांचे आदेश दिले, २०२०मध्ये प्रत्येक ठाण्यात सीसीटीव्ही लावायला सांगितले. यातले किती पूर्ण झाले हे आपल्या जवळच्या पोलीस ठाण्यात डोकावले तरी कळेल. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या (एनसीआरबी) अहवालांत पोलीस कोठडीतल्या मृत्यूंच्या बाबतीत महाराष्ट्र अनेक वर्षे वरच्या राज्यांत राहिला आहे. पुरोगामी म्हणवणाऱ्या राज्याला हे शोभत नाही. जी गोष्ट आपल्या कोठडीत थांबवता आली नाही, ती कशी थांबवावी हे आपण परक्या अधिकाऱ्याला कुठल्या तोंडाने शिकवणार? तो हैदराबादच्या वर्गात जे ऐकतो त्याहून आपल्या बातम्यांत जे वाचतो त्यावर त्याचा विश्वास बसणार.

म्हणून परदेशी पोलिसांचे प्रशिक्षण बंद करा, असे मी म्हणत नाही. अमेरिकेची सरसकट बंदी टिकली नाही, आणि टिकली असती तरी लायबेरियासारखे चांगले काम तिच्यात अडले असते. संसदेने एक छोटा कायदा करावा. ज्या दलाला शिकवायचे त्याच्या वागणुकीची आधी तपासणी व्हावी, आणि ती फक्त दूतावासाच्या कागदावर न होता तिथल्या वकिलांना, पत्रकारांना, पीडितांच्या कुटुंबांना विचारून व्हावी. अभ्यासक्रम जाहीर असावा. कोणत्या देशाचे किती अधिकारी काय शिकून गेले याची माहिती दरवर्षी संसदेच्या पटलावर यावी. शिकून गेलेल्या तुकडीने छळ केल्याची विश्वसनीय माहिती आली तर मदत थांबावी, मग तो देश आपला कितीही जवळचा मित्र असो. या शेवटच्या अटीवर कायद्याची खरी कसोटी लागेल, कारण अब्दुल राझिक यांच्या बाबतीत अमेरिका नेमकी तिथेच नापास झाली. चीनशी स्पर्धा आहे, मित्र दुखावेल, हे कारण त्या वेळी पुढे येईल. त्या कारणापुढे मान तुकवायची असेल तर कायदा न केलेलाच बरा. आणि हे सगळे करण्याआधी, निदान बरोबरीने, छळविरोधी कराराला संमती द्यावी आणि देशात छळाविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा.

एवढ्या दूरच्या, परराष्ट्र खात्याच्या विषयात सामान्य नागरिकाने काय करायचे, असे वाचक विचारतील. त्यांना आपल्याच मातीतले एक उदाहरण सांगतो. १९७२मध्ये आजच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केल्याचा खटला उभा राहिला. उच्च न्यायालयाने दिलेली शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली आणि आरोपी सुटले. १९७९मध्ये कायदा शिकवणाऱ्या चार जणांनी, उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर यांनी, सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. त्यांच्याकडे ना पद होते ना सत्ता. त्या पत्रातून देशभर स्त्रियांचे आंदोलन उभे राहिले आणि १९८३मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. पोलीस कोठडीतला बलात्कार हा वेगळा, अधिक कडक शिक्षेचा गुन्हा ठरला.

महाराष्ट्राचे लोकसभेत ४८ आणि राज्यसभेत १९ खासदार आहेत, गोव्याचे दोन आणि एक. त्यांतला कुणीही संसदेत लेखी प्रश्न विचारू शकतो: गेल्या पाच वर्षांत भारताने कोणत्या देशांच्या पोलिसांना प्रशिक्षण दिले, त्यासाठी कोणती अट घातली, आणि छळविरोधी कराराला संमती कधी देणार? आपल्या खासदाराला एक पत्र लिहा आणि हे तीन प्रश्न विचारायला सांगा. उत्तर आले नाही तर पुन्हा लिहा.